पिसावरची अळी

ड्रायव्हरची बायको गेली तेव्हा गुलाबांची छाटणी व्हायची होती. ती कुणी करायची यावर घरात कुणी बोललं नाही, म्हणून त्यानेच केली. वाईट केली. जिथे डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटायच्या जागेच्या, वर कापायचं तिथे खाली कापलं, कुठे साल सोलवटली, कुठे चांगली जाड काडीच उडवली. सूनबाई खिडकीतून बघत होती. गुलाब मात्र चांगल्या स्वभावाचे निघाले. थंडी सरत आली तशी काडीकाडीला तांबूस फुटवा आला, आणि फुटव्यांच्या टोकांना कळ्या धरल्या.

त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणत. उभा जन्म त्याने मालट्रक हाकला. बायकोने घरापुढच्या तुकड्यात रोपांचा धंदा मांडला, तेव्हा तो कुठेतरी लांब रस्त्याच्या कडेला टायर बदलत होता. महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा, पाहुण्यासारखा जेवायचा, झोपायचा, निघून जायचा. गुडघे गेले तेव्हा कायमचा घरी आला. मग तो मातीची घमेली उचलायचा, कुंड्या इकडच्या तिकडे करायचा, पाण्याचा पाइप धरून उभा राहायचा. झाडाला हात लावायचं काम तिचं. त्याने कधी मागितलं नाही, तिनेही कधी दिलं नाही.

फाटकातून आत आलं की उजव्या हाताला तिचा वाफा होता. ही सगळी आई-झाडं. यांच्या काड्यांवरचे डोळे काढून ती जंगली गुलाबाच्या खुंटावर भरायची, वर पट्टी गुंडाळायची, आणि त्यातून विकायची रोपं तयार व्हायची. एकेक झाड तिने कुठून कुठून आणलेलं. एक तर तिच्या बहिणीच्या अंगणातून ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन आणलेलं. ह्या वाफ्यावर तिने कधी औषध मारू दिलं नव्हतं. बाकी सगळीकडे मुलगा पंप घेऊन फिरायचा. वाफ्यापाशी आला की ती नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि तो वळसा घालून पुढे जायचा.

आता धंदा मुलाच्या हातात होता. तो एका सकाळी वाफ्यापाशी थांबला आणि एक कळी वाकवून बघू लागला.

"बाबा, हे बघितलंत?"

ड्रायव्हर पाइप खाली टाकून आला. त्याला कळी दिसली. कळी हिरवी होती.

"काय बघायचं?"

"अहो, किडे. भरलेत नुसते."

ड्रायव्हरची नजर लांबची. कोसभर पुढचा खड्डा त्याला अजून दिसला असता. हातभर अंतरावरचं मात्र सगळं धुरकट. त्याने डोळे बारीक केले, कळी नाकाजवळ घेतली, लांब धरली. हिरव्यावर हिरवं काहीतरी होतं एवढंच कळलं.

"आठवड्याने कंत्राटदार येणार आहे," मुलगा म्हणाला. "मोठ्या बागेचं काम आहे. गुलाबच गुलाब हवेत त्याला. फाटकातून आत आल्यावर त्याला पहिलं हे दिसणार. आज फवारून घेतो."

"ह्या वाफ्यावर नाही."

"बाबा."

"तुझी आई कधी मारू देत नव्हती."

"आई होती तेव्हा किडेही नव्हते."

ते खरंच होतं. "मी काढतो," तो म्हणाला. "हाताने काढतो. ती तेच करायची."

"तुम्ही?" मुलगा हसला नाही, पण हसू त्याच्या ओठांपर्यंत येऊन गेलं. "बरं. तो येईपर्यंत वाफा तुमचा. त्याला कीड दिसली तर मग मात्र मी ऐकणार नाही. सगळा उपटून तिथे तयार कुंड्यांचं स्टँड लावतो. तसंही जागा मोक्याची आहे."

ती तेच करायची, हे ड्रायव्हर उगाच म्हणाला नव्हता. त्याने ते रोज बघितलं होतं. पहाटेचं पाणी देताना तो नळापाशी असायचा आणि ती मोरीच्या सांडपाण्याकडून येताना दिसायची, डोळ्यांवर चष्मा, हातात कोंबडीचं एक पीस. मग वाफ्यात उकिडवी बसायची, पानं उलटून बघायची, पिसाने काहीतरी करायची. एकदा तो जवळ गेला तेव्हा पिसावर एक हिरवी अळी होती. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, लिबलिबीत.

"काय करतेस हे?"

"अळी नेतेय."

"चिरडून टाक की. पिसावर बसवून फिरायला कशाला न्यायची?"

ती म्हणाली होती, "तुमचा पाइप वाहतोय तिकडे." एवढंच. तो पाइपाकडे गेला होता. तिला जीव मारवत नाही, अळ्या वेचून लांब नेऊन सोडते, असं त्याने मनात धरलं, आणि ते त्याला थोडं हसण्यासारखं आणि थोडं बरं वाटलं होतं. पुढे ट्रकवाल्या दोस्तांमध्ये त्याने तो किस्साही केला होता. आमची बायको किड्यांची ड्रायव्हर आहे.

त्या दिवशी त्याने कपाटातून तिच्या चष्म्याची डबी काढली. डबीत चष्मा होता आणि चष्म्याखाली पीस होतं. चष्म्याची एक दांडी मोडलेली, तिथे तिने दोरा बांधलेला. दोरा कानामागे अडकवून तो बाहेर आला तर अंगण त्याच्या अंगावर धावून आलं. पायरी दोन जागी दिसली. पण वाफ्यात बसून त्याने कळी डोळ्यांसमोर धरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळीचं देठ दिसलं.

देठ दिसतच नव्हतं खरं तर. बारीक हिरवे ठिपके एकमेकांना चिकटून बसले होते, गच्च भरलेल्या गाडीतल्या माणसांसारखे, कुणाचं डोकं कुणाच्या पाठीवर. सगळ्यांची तोंडं देठात खुपसलेली. काहींना पंख होते, बहुतेकांना नव्हते. आणि त्यांच्या मधोमध, अंग पसरून, ती अळी होती. तीच. फिकट हिरवी, पाठीवर पांढुरकी रेघ, पुढे निमुळती. तिच्याभोवती ती सगळी बारीक पिल्लावळ.

ड्रायव्हरला एका नजरेत सगळं समजलं. ही आई आणि ही पोरं. मोठी काढली की बारीक आपोआप संपतील.

त्याने पीस तिच्या पोटाखाली घातलं आणि उचलली. तिने टोक उचलून हवेत इकडून तिकडे हलवलं. लांब नेऊन सोडण्याएवढं त्याचं मन मऊ नव्हतं. डालड्याच्या जुन्या डब्यात त्याने साबणाचं पाणी केलं होतं, त्यात पीस झटकलं.

*

तेव्हापासून त्याचे दिवस वाफ्यात जाऊ लागले. गुडघे वाकत नव्हते म्हणून तो एक पाय लांब करून मातीतच बसे, आणि बसल्या बसल्या ढुंगणावर पुढे सरके. पाठीच्या कण्यात खालच्या बाजूला कळ यायची, ती मानेपर्यंत चढायची. काटे बोटांत मोडायचे. तो स्टिअरिंगने घट्टे पडलेला हात, पण कळीचं टोक धरायला त्यातली दोनच बोटं उपयोगाची, आणि तीही थरथरायची. दुपारी ऊन मानेवर बसलं की तो डोक्यावर ओलं फडकं टाकी आणि पुढचं झाड घेई. एक काडी, मग दुसरी. पानाची वरची बाजू, मग खालची. अळी दिसली की पीस, पीस की डबा.

बरं वाटत होतं त्याला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच सकाळी उठून काय करायचं हे ठाऊक होतं. चष्म्याचा दोरा तिच्या केसांच्या तेलाने कडक झालेला होता. तो घाम येऊन भिजला की हलकासा वास यायचा. तो नाक फेंदारून बसायचा आणि मग कुणी बघतंय का हे बघायचा.

"बाबा, जेवायला चला," सूनबाई हाक मारायची. "का तिथेच आणून देऊ? एक ताट तुम्हाला, एक किड्यांना?"

"किड्यांचं जेवण बंद केलंय मी."

"मग ते उपाशीपोटी इतके गुटगुटीत कसे?"

तिला गंमत वाटायची. ती वाईट नव्हती. संध्याकाळी तो उठू लागला की हात द्यायची, आणि त्याच्या बोटांतले काटे सुईने काढता काढता म्हणायची, "सासूबाईंच्या बोटात कधी काटा नाही बघितला मी."

"तिला काटे ओळखायचे."

डब्यात अळ्या जमत होत्या. त्या पाण्यात आधी हिरव्या असायच्या, मग पिवळट, मग तळाशी बसायच्या. पहिल्या दिवसांत पुष्कळ सापडल्या. मग कमी कमी होत गेल्या. शेवटी अख्खा वाफा धुंडाळला तरी एखाददुसरी. ड्रायव्हरला वाटलं, आलं काम आटोक्यात.

पण बारीक ठिपके काही हटले नाहीत. उलट काड्यांवरून ते पानांवर उतरले. कळ्या वाकड्या होऊ लागल्या. पानं हाताला चिकट लागायची, गूळ सांडल्यासारखी, आणि त्या चिकट्यावर काजळी धरू लागली. काळ्या मुंग्यांच्या रांगा बुंध्यावरून वर चढत, खाली उतरत. त्याने पाण्याची धार मारून बघितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आई मेली आणि पोरं वाढली. हे त्याच्या हिशोबात बसेना.

तेव्हा त्याने एक काडी कापली, त्यावर ठिपके होते तसेच राहू दिले, काड्यापेटीत एक जिवंत अळी घातली आणि बाजारात गेला. बी-बियाणं आणि औषधांचं दुकान होतं, त्याच्या मालकाला सगळे झाडांचा डॉक्टर म्हणत. डॉक्टर फोनवर बोलत होता. त्याने एका हाताने काड्यापेटी उघडली, बघितलं न बघितलं आणि बंद केली.

"अळी आहे," तो फोनवर हात ठेवून म्हणाला.

"ते कळलं. कसली?"

"हिरवी."

"आणि हे बारीक? तिची पिल्लं ना ही?"

"बारीक काय, मोठी काय, सगळे एका घरचे चोर. पानं खाल्लीयेत का?"

ड्रायव्हर गोंधळला. पानं खाल्लीयेत का हे त्याने बघितलंच नव्हतं. "खाल्ली असतील की. अळी आहे म्हटल्यावर."

"मग झालं. ही बाटली न्या, दोघांना एकच औषध. दोन दिवसांत झाडू मारून गोळा करा." मग फोनवर, "नाही रे, गिऱ्हाईक आहे. हां, बोल."

बाटली त्याने घेतली नाही. पण अळीच आहे, एका घरचीच आहे, हे जाणत्या माणसाने सांगितलं, म्हणून तो सुटल्यासारखा घरी आला. काड्यापेटीतली अळी त्याने डब्यात झटकली. म्हणजे पद्धत बरोबर आहे. आपणच कमी पडतोय.

दुसऱ्या दिवसापासून तो उजाडायच्या आधी चष्मा लावून बसू लागला.

*

कंत्राटदार जीपमधून उतरला तेव्हा ड्रायव्हर वाफ्यातच होता, एक पाय लांब करून, डोक्यावर ओलं फडकं, मांडीत डबा. त्याला पटकन उठता आलं नाही.

कंत्राटदार दिसायला साधा, बोलायलाही बरा होता. नवे बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून फरशीच्या कडेकडेने आला. मुलगा मागच्या कुंड्यांकडे हात करत होता, "इकडे या साहेब, माल मागे आहे," पण तो वाफ्यापाशीच थांबला. एक कळी दोन बोटांत धरली, सोडली, बोटं एकमेकांवर घासली. चिकटली. त्याने रुमाल काढला.

"हे काय आहे?"

"ही आई-झाडं," ड्रायव्हर खालून म्हणाला. "ह्यांच्यावरूनच सगळी रोपं केलीत. माझ्या बायकोने..."

"आयाच अशा," कंत्राटदार म्हणाला, "तर पोरं कशी असतील?"

मुलगा हसला. गिऱ्हाईकापुढे हसतात तसं. "वडील आहेत आमचे. आई गेल्यापासून जरा... बसल्या बसल्या काहीतरी करत असतात. आम्ही पण करू देतो."

"डब्यात काय?"

ड्रायव्हरने डबा वर केला. दाखवायलाच केला. इतक्या दिवसांचं काम त्यात होतं. कंत्राटदाराने वाकून बघितलं आणि झटक्यात मागे झाला.

"अरे काय हे! झाका ते." मग मुलाकडे वळून, आवाज उतरवून, पण ड्रायव्हरला ऐकू जाईल इतपतच उतरवून, "हे बघ, तुझी रोपं मागे स्वच्छ असतीलही. पण हे शेजारी ठेवून मी माल उचलणार नाही. उद्या माझ्या बागेत पसरलं तर मला कोण सोडेल? हे काढ. मग बोलू."

जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत मुलगा फाटकात उभा राहिला. मग परत आला आणि बापाच्या समोर उकिडवा बसला. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर ड्रायव्हरला सोपं गेलं असतं.

"बाबा, परवा माणसं सांगतोय. आपलं तसंच ठरलं होतं."

"थोडे दिवस दे. अळ्या संपल्यात जवळजवळ."

"आणि हे?" मुलाने काडीवरचे ठिपके दाखवले.

ड्रायव्हरने चष्मा काढला. मुलाचं तोंड एकदम लांब गेलं.

"मला तरी ही झाडं काढायला बरं वाटतं का?" मुलगा म्हणाला. "पण आई ती आईच होती. तुम्हाला नाही जमणार. मलाही नाही जमत."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण. सूनबाईने फोन करून कळवलं होतं की वाफा निघतोय, तुमच्या अंगणातलं झाड हवं असेल तर घेऊन जा. ती हातात कुदळ आणि ओलं गोणपाट घेऊनच आली. ड्रायव्हरशी तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. बहिणीने एकटीने काढलेली सगळी वर्षं तिने जवळून बघितली होती.

"बरे आहात ना दाजी?"

"बरा आहे. बस. चहा टाकायला सांगतो."

"चहाला नाही आले." ती वाफ्यात शिरली, एक काडी वाकवली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आई गं! एवढा मावा? ताईच्या वाफ्यावर?"

"मावा?"

"हा बारीक. रस पितो. अहो, तुम्ही एवढी वर्षं इथे राहता आणि मावा माहीत नाही?" ती दुसऱ्या काडीकडे गेली, मग तिसऱ्या. "पण असा वाढेलच कसा? त्याला खाणाऱ्या कुठे गेल्या सगळ्या?"

"कोण खाणाऱ्या?"

"अळ्या हो. हिरव्या. ताईने पोसलेल्या."

ड्रायव्हर पायरीवर बसला होता. डबा त्याच्या पायाशी होता, पीस हातात. मेहुणीची नजर त्याच्यावरून पिसावर गेली, पिसावरून डब्यावर. तिने डबा ओढून घेतला आणि आत बघितलं.

"दाजी, हे काय केलंत?"

"काढल्या. ती काढायची तशाच. पिसाने."

"ती काढायची?"

"रोज बघायचो मी. पिसावर घेऊन जायची. वाफ्यातून लांब नेऊन..."

"वाफ्यातून नाही, दाजी. वाफ्यात." मेहुणीचा आवाज चढला नाही. तो उलट खाली गेला. "त्या मोरीच्या पाण्यावर मोहरी उगवते ना आपोआप, तण म्हणून? ती कधी उपटू द्यायची नाही ताई. का? त्यावर मावा पडतो, माव्यावर ह्या अळ्या येतात. तिथून पिसावर घ्यायच्या आणि गुलाबावर आणून ठेवायच्या. माझ्या अंगणातही आणून सोडल्यात तिने. तुम्ही नळावर उभे असायचात ना? मग तुम्हाला ती जाताना दिसली का येताना, एवढंही कळलं नाही?"

ड्रायव्हरला ती मोरीकडून येताना दिसायची. नेहमीच. पीस समोर धरून, वारा लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा करून. हे त्याला आत्ता, पायरीवर बसल्या बसल्या, अगदी स्वच्छ दिसलं. जे टाकून द्यायचं त्याला कुणी हाताचा आडोसा करत नाही.

"दुकानदार म्हणाला, एका घरचे..."

"पान दाखवा मला एक, खाल्लेलं." तिने एक फांदी त्याच्या तोंडासमोर आणली. "कुठे कुरतडलंय? कुठे भोक आहे? अळी पान खाणारी असती तर वाफ्याची चाळण झाली असती. आणि पाय बघितलेत का तिचे? नाहीतच. ही मोठी झाली की माशी होते. पट्ट्यापट्ट्यांची. फुलासमोर हवेत एका जागी उभी राहते ती."

ती माशी ड्रायव्हरला माहीत होती. बायको फुलं खुडायची तेव्हा तिच्या हातांभोवती अशा माश्या लटकलेल्या असायच्या. ती त्यांना हाकलायची नाही.

"ती बोलली का नाही मला?"

मेहुणी गोणपाट पसरत होती. ती थांबली. "विचारलंत का तुम्ही? का हसलात?"

मग ती खणायला लागली. तिचं झाड कडेलाच होतं. ड्रायव्हर उठला, कुदळीला हात घालू लागला, तर तिने कुदळ बाजूला घेतली. "राहू द्या. मुळं तुटतील." तिने सगळ्या बाजूंनी माती कातरत आणली, गड्डा उचलला, गोणपाटात बांधला. मग काड्या न्याहाळताना ती एकदम म्हणाली, "ही बघा. एक राहिलीय."

ड्रायव्हरने चष्म्याचा दोरा कानामागे घातला.

अळी माव्याच्या मध्ये होती. तिने निमुळतं टोक उचललं, इकडे तिकडे फिरवलं, आंधळं माणूस भिंत चाचपतं तसं. एका ठिपक्याला टोक लागलं. तिने तो पकडला, देठावरून उपटला आणि वर उचलून धरला. ठिपक्याचे पाय हवेत हलत होते. मग तो आतून रिकामा होऊ लागला. हिरवा होता तो फिका झाला, फिक्याचा पांढरा झाला, आणि नुसतं कातडं उरलं तेव्हा तिने ते टाकून दिलं आणि टोक पुन्हा फिरवायला लागली.

इतके दिवस तो वीतभर अंतरावर बसला होता. एकदाही थांबून बघितलं नव्हतं.

"ही काडी मला दे," तो म्हणाला.

मेहुणीने त्याच्याकडे बघितलं. देऊ नये असं तिला वाटत होतं, ते तिच्या तोंडावर होतं. मग तिने काडी कापली आणि त्याच्या हातात न देता पायरीवर ठेवली.

*

मुलगा संध्याकाळी आला तेव्हा ड्रायव्हर फाटकातच उभा होता.

"वाफा राहू दे. मला कळलंय आता काय करायचं ते. मोरीकडची मोहरी तेवढी तुडवू नकोस. त्यावर असतील अजून. मी आणून सोडतो. महिन्याभरात..."

"बाबा, महिनाभर कुठला? माणसं सांगितलीत."

"माझ्या हातून चुकलं रे. झाडांचं काही चुकलं नाही."

मुलगा गाडीच्या सीटवरची धूळ झटकत राहिला. "कंत्राटदार आज फोनवर म्हणाला, परवापर्यंत जागा स्वच्छ दिसली तर माल उचलतो. नाहीतर दुसरीकडे बघतो. आता तुम्हीच सांगा."

ड्रायव्हर बाजूला झाला आणि मुलाने गाडी आत घेतली.

सकाळी माणसं आली. त्यांना घाई होती. बुंध्यांना दोर लावून ते झाडं ओढत, आणि मुळं तुटताना ओल्या कापडासारखा आवाज येई. ड्रायव्हर थोडा वेळ बघत उभा राहिला. मग स्वतः आत उतरला आणि खणून काढू लागला, कारण तो आवाज त्याला ऐकवेना. त्यातला एक म्हणाला, "आजोबा, जाळायचीच आहेत, एवढं जपून कशाला?" त्याने ऐकलं नाही. जी त्याने काढली ती मुळासकट निघाली. तीही त्याच ढिगावर गेली.

दुपारपर्यंत वाफा सपाट झाला. उरलेल्या वेळात माणसांनी मोरीकडचं तणही काढलं आणि तिथून फाटकापर्यंत खडी पसरली. मोहरी कधी गेली हे ड्रायव्हरला कळलंही नाही. तो ढिगापाशी होता.

*

काडी त्याने पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवली होती. रोज सकाळी तो चष्मा लावून खिडकीशी खुर्ची ओढायचा. अळी एकेक ठिपका उचलत काडीवरून खाली आली, मग पानांवर गेली. पेल्याभोवती पांढरी कातडी पडायची. सूनबाई ती फडक्याने पुसायची.

"बाबा, घरात कशाला किडे?"

"एकच आहे."

"आणि ते बारीक?"

"ते तिचं जेवण."

नंतर ती पुसताना पेला उचलून, खाली पुसून, जागच्या जागी ठेवू लागली.

मग एका सकाळी काडी रिकामी होती. देठ दिसत होतं, काटे दिसत होते, पानं स्वच्छ. आणि टोकाशी ती अळी, अर्धं अंग हवेत, निमुळतं टोक इकडून तिकडे, इकडून तिकडे. काडीवर थोडी मागे आली. पुन्हा टोकाला गेली.

ड्रायव्हरने तिला पिसावर घेतलं आणि बाहेर पडला. मोरीवर खडी होती. रस्त्याकडेच्या गवतात तो वाकला, उठला, पुन्हा वाकला, मावा कुठेच नव्हता. कुंपणापाशी बघितलं. मग फाटकातून आत आला.

वाफ्याच्या जागी लोखंडी स्टँड उभं होतं, त्यावर ट्रकने आणलेल्या कुंड्या ओळीने लावलेल्या. गुलाबच होते. सगळे सारख्या उंचीचे, पानं तेल लावल्यासारखी चमकत होती. त्याने पहिली कुंडी घेतली. कळीखालचं देठ बघितलं, पान उलटलं, दुसरं पान उलटलं. पुढची कुंडी. गुडघ्यात कळ आली, तसाच एक पाय लांब करून खडीवर बसला आणि खालच्या ओळीतल्या कुंड्या बघायला लागला. औषधाचा उग्र वास नाकात जात होता.

मुलगा मागे येऊन उभा राहिला.

"काय शोधताय बाबा?"

ड्रायव्हरने आणखी एक पान उलटलं.

"कीड नाहीये त्यांच्यावर," मुलगा म्हणाला. "गॅरंटी आहे. एकही सापडायची नाही तुम्हाला."

"हो," ड्रायव्हर म्हणाला, आणि पीस वाऱ्याने हलू नये म्हणून त्याला हाताचा आडोसा धरून पुढच्या कुंडीकडे सरकला. "एकही नाही."